गार पाण्याची अंघोळ

९ जानेवारी, गुरुवार

मी आज आईला मारलं.

लिहून टाकलं. वाचून पाहिलं तर चारच शब्द.

दुपारच्या सुट्टीत घरी आले होते. सकाळपासूनची तिसरी चादर बदलली आणि सूप भरवायला बसले. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला तोंड मिटून घेतलं. "घे ना गं आई, मला परत कामावर जायचंय." मान फिरवली. मी चमचा तसाच पुढे केला, तर तिनं हातानं वाडगाच उडवला. सगळं सूप नव्या चादरीवर! आणि माझा उजवा हात उठला. तिच्या डाव्या गालावर. आवाज झाला. एवढ्याशा वाळलेल्या गालाचा इतका आवाज होतो?

ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. घाबरून नाही. कशी, ते नीट सांगता येत नाही. कुणाची तरी फार वर्षं वाट बघावी आणि ते माणूस शेवटी दारात दिसावं, तशी.

मग म्हणाली, "गार होतं."

सूप सकाळचं होतं. तापवलं नव्हतं. मी तसंच खाते, तिलाही तसंच दिलं.

१० जानेवारी, शुक्रवार

पाळकबाई येऊन गेल्या. शुक्रवारी त्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्या आजाऱ्यांकडे जातात. पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या, तोंडात दुसऱ्यांच्या चौकशा. आईजवळ बसल्या बसल्याच म्हणाल्या, "अहो, गालाला काय झालं?"

मी दारात. हातात चहाचा ट्रे.

"झोपेत कठड्याला आपटला," आई म्हणाली. इतकं सहज! एका खोट्या शब्दासाठी मला दिवसभर कोपऱ्यात उभी करणारी बाई ही.

पाळकबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू आहेस म्हणून हिचं सगळं होतंय हो." सगळा चहा बशांमध्ये. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं.

११ जानेवारी

कामावर सुई घुसली. वाकडी सुई, पेटीच्या कोपऱ्यातल्या शिलाईची. उजव्या हाताचं मधलं बोट, नखाच्या जरा खाली, पार आत. मिस्त्री धावत आले. "ताई, अंगुस्तान का नाही घालत? बाकी सगळ्या शिंपिणी घालतात."

आई घालत नसे. एकतीस वर्षं याच कारखान्यात, याच खिडकीशी बसून तिनं शवपेट्यांची अस्तरं शिवली. बोटांची चाळण झाली, पण बोटाला ते टोपण घातलं नाही. तिच्यानंतर मी. तीच खिडकी, तीच कात्री, तिचाच कापडी टेप.

रक्त थांबेना. मिस्त्रींनी औषधाची बाटली काढली. मी नको म्हटलं.

त्याच हाताचं बोट. बरोबर आहे. वर कुणीतरी बघतंय.

१२ जानेवारी, रविवार

उपासनेला गेले. प्रभुभोजनाची वेळ आली तेव्हा प्याला न घेताच शेजारणीकडे सरकवला. तिला वाटलं, मी चुकून विसरले. परत माझ्याकडे सरकवला! मी परत तिच्याकडे. शेवटी मागच्या बाकावरचे आजोबा खाकरले.

बाहेर पडताना तिघीचौघींनी हात हातात घेतला. "तुझ्यासारखी मुलगी सगळ्यांना मिळो." दुखरं बोटच दाबत होत्या नेमकं. बरं वाटलं दुखल्याचं.

१४ जानेवारी

आज मिस्त्रींनी बोलावून पेटी दाखवली. अस्तराला चुण्या. साटीन असं ताणून बसायला हवं की हात फिरवला तर पाण्यावरून फिरल्यासारखा वाटावा. इथे लाटाच लाटा. या आठवड्यातली दुसरी.

"कापड जास्त येतंय, ताई. मी चिठ्ठीवर लिहिलेलंच माप कापताय ना?"

"तेच कापतेय."

ते माझ्या डाव्या बाजूला उभे होते, म्हणून दोनदा सांगावं लागलं. डाव्या कानानं मला ऐकू येत नाही, चार वर्षांची असताना मोठा ताप आला होता तेव्हापासून. मिस्त्रींना माहीत आहे, पण विसरतात. मग वळसा घालून उजवीकडे आले आणि म्हणाले, "जाऊ द्या. आपलं गिऱ्हाईक कधी परत आलंय का तक्रार घेऊन?"

रोजचा विनोद. रोज हसते. आज आलं नाही हसू. पेटी उघडी ठेवतात, लोक शेवटचं बघतात. चेहऱ्याशेजारची चुणी त्यांना दिसतेच. आईच्या हातच्या अस्तराला अशी चुणी मी लहानपणी कधी पाहिली नाही.

हात बिघडला माझा. गुरुवारपासून बिघडला.

१५ जानेवारी

बोट सुजलंय. सुजू दे.

१७ जानेवारी

थंडी फार. नळाचं पाणी बर्फासारखं. अंघोळ करताना दात वाजत होते.

आई जन्मभर गार पाण्यानंच न्हायली. बाबा होते तोवर त्यांच्यासाठी पाणी तापायचं, भावासाठी तापायचं, माझ्यासाठीही. तिच्यासाठी कधीच नाही. सगळ्यांची जेवणं झाली की ओट्याशी उभी राहून पातेल्यातलं खरवडून खायची. नवं कापड अंगाला लावायची नाही. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, "काय त्याग!" एकदा पाळकांनी प्रवचनातही दाखला दिला, नाव न घेता. सगळी मंडळी आमच्या बाकाकडे वळून बघत होती आणि आईची मान खाली. मला केवढा अभिमान!

बारा वर्षांची झाले तेव्हा मीही ठरवलं, आजपासून गार पाणी. आईला सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. ती नुसती बघत राहिली आणि आत निघून गेली. कधीतरी विचारायचं राहिलं, की तेव्हा रागावली होती का.

अंगावर पहिला तांब्या ओतताना मी एक वाक्य म्हणते. "मी काही नाही, प्रभू." तीस वर्षं रोज. आज म्हणताना वाटलं, रोज असं सांगून मी कुणाला खूश करतेय?

१८ जानेवारी

भावाचा फोन. उजव्या कानाशी धरायचा तर उजवा हात ठणकतो, डाव्या हातानं वाकडा धरला. "आईला वेळेवर खायला घालत जा गं. तिच्याशी बोलत जा. तुझा आवाज चिडका वाटतो हल्ली." उंटावरून शेळ्या हाकणं याला जमतं बरं! पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, खोटं काय बोलला तो?

२० जानेवारी

आज लहान पेटी. सव्वादोन फूट.

अशा वेळी कारखान्यात कुणी रेडिओ लावत नाही. मिस्त्रीसुद्धा रंधा हळू चालवतात. मी पांढरं मऊ कापड घेतलं, चिठ्ठीवरचं माप, दोनदा मोजून कापलं. बसवलं. चुणी. उसवलं, परत बसवलं. डोक्याशी चुणी. बोट केळ्याएवढं झालेलं, सुई धरवेना. तिसऱ्यांदा उसवताना कापडावर पिवळा डाग पडला, माझ्याच बोटाचा. त्या बाळाच्या कापडावर!

मी खाली बसून मोठ्यानं रडले. मिस्त्री म्हणाले, "ताई, घरी जा. ही मी बायकोकडून करून घेतो." ते उजव्या बाजूला येऊन, वाकून म्हणाले. आज विसरले नाहीत.

२२ जानेवारी, बुधवार

डाव्या हातानं लिहायला हवं, पण उजव्यानंच लिहितेय. जमेल तेवढं. लिहायलाच हवं.

पाळकबाई आज अचानक आल्या. वाटतं, मिस्त्रींनी कळवलं. मी आईला पुसत होते. पाणी नळाचं, त्यात थोडं कोमट घातलेलं. आई कुडकुडत होती. "झालंच, झालंच," मी म्हणत होते. पाळकबाईंनी माझं मनगट धरलं आणि बाही वर केली. बोटापासून मनगटाच्या वर लाल रेघ गेलेली.

"हे किती दिवस?"

"अकरा."

"आणि दवाखाना?"

मी बाही खाली ओढली.

"हेच बोट आईचं असतं तर?"

"त्याच दिवशी नेलं असतं!" मी ताडकन म्हटलं.

त्या खाटेकडे वळल्या. आईच्या पायावरची चादर बाजूला केली. डाव्या टाचेला मी जुन्या कापडाची पट्टी बांधलीय. त्यांनी ती सोडली. आत जखम. अंथरुणात पडून पडून झालेली. मला माहीत होती ती. बरी होईल आपोआप, म्हणून मीच बांधली होती. किती दिवस? माझ्या बोटापेक्षा जास्त.



"नेलं असतंस म्हणालीस," पाळकबाई हळूच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. गुरुवारचं. सूप, चादर, गाल, सगळं. वाटलं, आता कानांवर हात ठेवतील. त्यांनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली, लहान मुलीला देतात तशी. मग म्हणाल्या, "शेजाऱ्यावर प्रीती करा, एवढंच सांगून प्रभू थांबला असता तर सोपं होतं. पण पुढे म्हणाला, स्वतःवर करता तशी. माप तुझ्याजवळच ठेवलंय त्यानं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अगं?"

"स्वतःवर प्रीती म्हणजे स्वार्थच ना?"

"स्वार्थी बाई बोट सडू देते होय? चल, चप्पल घाल."

वाहन येईपर्यंत हे लिहिलं. मला एकच दिसतंय. मला वाटायचं, ती आज्ञा मी मोडली. मोडली कुठे? तंतोतंत पाळली! स्वतःला गार सूप, तिलाही गार सूप. स्वतःच्या जखमेला चिंधी, तिच्याही. स्वतःवर रोज सकाळी हात उगारत होते, एक दिवस तो तिच्यावर पडला. जशी स्वतःवर, तशीच.

२८ जानेवारी

डाव्या हातानं. बोटाचं वरचं पेर गेलं.

३० जानेवारी

मला घरी आणलं. आई बरी आहे. पाळकबाई आठ दिवस आमच्याकडेच राहिल्या. नर्सला रोज बोलावून आईच्या टाचेवर औषध लावून घेतलं. जखम भरत आलीय. म्हणजे भरण्यासारखी होती.

दवाखान्यातलं एकच लिहायचंय. दुसऱ्या दिवशी नर्सनं माझं अंग पुसायला घेतलं आणि विचारलं, "पाणी जास्त गरम नाही ना?" ती वाट बघत थांबली, टॉवेल हातात धरून. मग रडू आलं ते थांबेचना. तिला वाटलं, भाजलं!

३१ जानेवारी

डॉक्टर आईला तपासायला आले. मला बाहेर घेऊन गेले. हृदय थकलंय. टाच बरी होईल, पण... किती दिवस, विचारलं. "आठवडे म्हणू या," म्हणाले. महिने म्हणाले नाहीत.

दोन वर्षं ती या खाटेवर आहे. दोन वर्षं मी धावत होते आणि आता चालायला शिकतेय, तर आठवडे.

३ फेब्रुवारी

मिस्त्री आले. हातात पिशवी. आईच्या पाया पडल्यासारखं वाकले, मग माझ्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि पिशवीतून आईचा कापडी टेप काढला. दुसऱ्या हातानं खिशातला पत्र्याचा टेप.

"तुमच्या जागेवर बायकोला बसवलं. चिठ्ठी माझी, कात्री तुमची, टेप तुमचा. तिच्याही अस्तराला चुण्या! मला म्हणते कशी, तुम्हाला मोजताच येत नाही. घरात दोन दिवस अबोला. मग मी हे केलं."

दोन्ही टेप आमच्या टेबलावर शेजारी शेजारी ताणून धरले. सहा फुटांच्या खुणेवर आईचा टेप दीड इंच पुढे गेलेला. इतकी वर्षं ओढून ओढून ताणला गेलाय. मी दर वेळी बरोबर मोजायचे आणि दर वेळी कापड जास्त कापलं जायचं. आई पेटी स्वतः मोजायची आणि कापडही त्याच टेपनं कापायची, म्हणून तिला कधी कळलंच नाही, आणि तिच्यामागून तसंच करणाऱ्या मलाही नाही. मिस्त्री पत्र्याच्या टेपनं मोजून चिठ्ठी द्यायला लागले ते या नव्या वर्षापासून.

"ताई, तुमचा हात कधीच चुकत नव्हता," मिस्त्री म्हणाले.

ते गेल्यावर मी टेप गुंडाळून ठेवला. फेकवला नाही. कापड बिघडलं ते टेपमुळे. पण आईला मारलं ते टेपनं नाही. तो हात माझा होता. एवढं मला वेगळं ठेवता यायला हवं. पेर गेल्यानं ते फिटलं नाही, आणि आणखी चार बोटं सडवून फिटणार नाही.

मग कशानं?

५ फेब्रुवारी

सूप तापवलं. दोन वाडग्यांत घेतलं. खाटेशेजारी खुर्ची ठेवून खरंच बसले. आधी मी एक चमचा घेतला. आईनं बघितलं. मग आपणहून तोंड उघडलं.

डाव्या हातानं भरवलं. निम्मं सांडलं. दोघी हसलो. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे हलले फक्त.

७ फेब्रुवारी

आईला गरम पाण्यानं पुसलं. आधी विचारलं, "जास्त गरम नाही ना?" तिनं डोळे मिटून घेतले आणि मान नको नको अशी हलवली. पाण्याला नको म्हणते की माझ्या विचारण्याला, कळेना.

माझी अंघोळ अजून गारच. पाणी तापवलं होतं. हात बुडवला आणि काढून घेतला. आपल्याला कशाला? हे कोण म्हणतं माझ्या आत? आवाज ओळखीचा आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

प्याला आजही पुढे सरकवला. पाळकबाई समोरच्या बाकावरून बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "प्रभूनं क्षमा केलीय, तू अजून हिशेब घेऊन बसलीस."

"आईला अजून विचारलं नाही मी."

"मग आधी तिला विचार. तिच्याजवळ वेळ कमी आहे."

१० फेब्रुवारी

आज काहीच खाल्लं नाही तिनं. पाण्याचे चार थेंब. नाडी हाताला नीट लागत नाही. भावाला निघायला सांगितलं. फोनवर लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "मी येईपर्यंत थांबव गं तिला."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आईला सांगितलं. "आई, त्या दिवशी मी तुला मारलं. क्षमा कर."

तिनं हात उचलला. फार वेळ लागला. वाटलं, डोक्यावर ठेवतेय. माझ्या डाव्या कानावर ठेवला.

"ताप नव्हता गं," ती म्हणाली. "मी मारलं होतं. पांढऱ्या कापडावर शाई सांडलीस म्हणून." श्वास घेतला. "तेव्हापासून गार पाणी."

तिचा हात कानावरून काढला नाही.

मग उठले. मोठं पातेलं भरून पाणी तापत ठेवलंय. दोघींचं.